जाळीच्या आत आपण: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी राणीच्या बागेतल्या मुक्त पक्षी विहाराबद्दल जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते, की बाबांनो पेंग्विन बघून झाले की तिथेही एक चक्कर मारा, पाय दुखत असले तरी मारा. त्यावर इतके मेल आणि मेसेज आलेत की या वेळचं अख्खं सदर वॉक-थ्रू एव्हिअरीलाच (म्हणजे भलामोठा जाळीदार पक्षीघर, आत पक्षी मोकळे आणि आपण त्यांच्यातून चालत जायचं) देऊन टाकलंय. ज्यांनी बाल्कनीतल्या कबुतरांबद्दल विचारलंय त्यांनी जरा दम धरा, कबुतरं कुठे जात नाहीयेत.

ताई, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही परराज्यातल्या एका प्राणीसंग्रहालयात गेलो होतो. तिथली वॉक-थ्रू एव्हिअरी म्हणजे नुसती जाळी, झाडं आणि माणसं. दहा मिनिटांत बाहेर आलो, मोजून चार पक्षी दिसले. साध्या पिंजऱ्यात निदान पक्षी समोर तरी असतो. लोक एवढे वेडे कशाला होतात यासाठी? (एक वाचक, डोंबिवली)

आधी सांगा, गेला होतात किती वाजता? तुम्ही लिहिलं नाहीये पण माझा अंदाज आहे की सकाळी वाघ-सिंह उरकून, डबा खाऊन, मग दुपारी एक-दीडला. मेच्या दुपारी दीड वाजता आपणसुद्धा पंखा फुल करून आडवे पडलेले असतो हो, पक्ष्यांनी काय तुमच्यासाठी उन्हात कवायत करायची? त्या वेळी ते पानांच्या दाट भागात, सावलीला, पंख अंगापासून जरा दूर धरून, चोच किंचित उघडी ठेवून गप्प बसलेले असतात. होते तिथेच, तुमच्या डोक्यावर पंधरा फुटांवर.

आता पिंजऱ्याचं. पिंजऱ्यासमोर माणूस कसा वागतो ते एकदा लांबून उभं राहून बघा. येतो, पाटी वाचतो, पोपट बघतो, पोराला म्हणतो बघ पोपट, आणि पुढे. पाच सेकंद, फार तर दहा. एव्हिअरीत शिरलं की तीच माणसं मान वर करून "कुठंय, कुठंय, अगं तो बघ, नाही गं तो नाही, त्याच्या डावीकडे" असं करायला लागतात, ओळख ना पाळख असलेली माणसं एकमेकांना बोटांनी फांद्या दाखवतात. शोधायला लागतं यातच अर्धी गंमत आहे, आणि उरलेली अर्धी अशी की सापडल्यावर तो पक्षी तुमच्याकडे बघतो आणि मध्ये काहीच नसतं. पेंग्विन बघायला राणीच्या बागेत 2017 पासून लोकांची रीघ आहे, मलाही ते आवडतात, पण मध्ये काच आहे आणि त्या काचेवर आधी येऊन गेलेल्या शंभर पोरांच्या बोटांचे ठसे आहेत.

माझा स्वतःचा किस्सा सांगते. म्हैसूरला करंजी तलावाला लागून एक मोठी एव्हिअरी आहे, वॉक-थ्रू. मी सकाळी लवकर गेले होते, आत एक आजी, त्यांचा नातू आणि मी, बास. पायवाटेवर वळण घेतलं तर समोरून मोर चालत येतोय. उडत नाही, नाचत नाही, चालत येतोय, जसा आपला एखादा काका सकाळी दूध आणायला निघतो तसा. आम्ही तिघं कडेला सरकलो आणि तो आमच्याकडे ढुंकूनही न बघता हाताच्या अंतरावरून गेला. आणि मला आठवतोय तो आवाज, त्याच्या पिसाऱ्याचा वाळक्या पानांवरून घसरतानाचा, जड शालूचा पदर फरशीवरून ओढत नेल्यासारखा. आयुष्यभर मोर बघितला, झूमध्ये, शेतात, कॅलेंडरवर, पण पिसाऱ्याला आवाज असतो हे त्या दिवशी कळलं. पायही पहिल्यांदाच नीट बघितले, ज्यांच्याकडे बघून मोर रडतो म्हणतात ते. खवल्याखवल्यांचे, राखाडी, मागे टोकदार नखी. आजी नातवाला एवढंच म्हणाल्या, "हलू नको." तो हलला नाही. मोर गेल्यावर पोरगं खूप वेळ जमिनीकडे बघत होतं, पीस पडलंय का म्हणून.

आता थोडं उंचीबद्दल, कारण पक्षी न दिसण्याचं खरं कारण बऱ्याचदा तिथे असतं. झाडावर राहणाऱ्या पक्ष्याला आपण त्याच्या खाली असलो की बरं वाटतं, धोका खाली आहे आणि मी वर आहे, उडायला आभाळ आहे. एव्हिअरी बुटकी असेल तर त्याला वर जायला जागाच नाही, मग तो लपतो. राणीच्या बागेतली 44 फूट उंच आहे, म्हणजे साधारण चार-पाच मजली इमारत, आणि जागा 18,234 चौरस फूट. जानेवारी 2020 मध्ये, प्रजासत्ताक दिनाला सुरू झाली ती. एवढ्या उंचीत पक्षी तुमच्यापासून दूर जाऊ शकतो, आणि जो दूर जाऊ शकतो तोच हळूहळू जवळ येतो, हे उलटं वाटेल पण खरंय. शिवाय आत चढता पूल असला की तुमचे डोळे फांदीच्या लेव्हलला येतात, खालून फक्त पोट दिसतं तेच वरून पाठीचे रंग दिसतात.

तर पुढच्या वेळी गेट उघडल्या उघडल्या जा, आधी एव्हिअरी, मग वाघ. वाघ दुपारीही झोपलेलाच असतो आणि सकाळीही, त्याने काही फरक पडत नाही. आत शिरल्यावर चालत सुटू नका, एका जागी दहा मिनिटं थांबा, मोबाइल खिशात ठेवून. सुरुवातीला काही दिसत नाही, मग एक हलतो, मग त्याच्या मागचा दिसतो, आणि मग कळतं की अख्खं झाड भरलेलं आहे. (राणीची बाग बुधवारी बंद असते, हे दर वेळी लिहिते आणि दर वेळी कुणीतरी बुधवारी जाऊन मला मेसेज करतं.)

मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एवढी मोठी जाळी आत खांबांचं जंगल न करता कशी उभी राहते? आणि ही आयडिया पहिल्यांदा कुणी काढली? (एक विद्यार्थी, सोलापूर)

तुझ्या प्रोफेसरांना विचारायचं ते मला विचारतोयस, पण चल. जाळीला वजन कमी असतं, तिला मुळात दाबून नाही तर ताणून उभं करायचं असतं. थोडेच उंच खांब, त्यांच्यावरून पोलादी केबल, केबलला जाळी लटकवलेली आणि कडा जमिनीत घट्ट रोवलेल्या. तंबू आठव, किंवा गणपतीच्या मांडवाचं कापड दोरीने खेचतात ते. खरा त्रास वजनाचा कमी आणि वाऱ्याचा जास्त, आणि आपल्याकडे पावसाळ्यात जाळीवर पालापाचोळा साचून तो भिजला की ती जाळी एकदम वजनदार होते ते वेगळंच.

सुरुवातीचं म्हणशील तर जे नाव कायम निघतं ते अमेरिकेतल्या सेंट लुईसचं. 1904 मध्ये तिथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यासाठी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने एक प्रचंड पिंजरा बांधला, 228 फूट लांब, 84 फूट रुंद, 50 फूट उंच, आणि लोकांना मधून चालायला वाट. प्रदर्शन संपल्यावर तो उचलून वॉशिंग्टनला न्यायचा बेत होता, पण गावकऱ्यांचा त्यावर जीव जडला होता, शेवटी शहराने तो 3,500 डॉलरला विकत घेतला. आणि मग पिंजरा आहे तर आजूबाजूला प्राणीसंग्रहालय उभं राहिलं. बटण सापडलं म्हणून कोट शिवला म्हणतात ना, तसं. तो पिंजरा अजून उभा आहे.

दुसरं उदाहरण तुझ्या कामाचं आहे, लंडन झूमधली स्नोडन एव्हिअरी. लॉर्ड स्नोडन (इंग्लंडच्या राणी एलिझाबेथच्या बहिणीचा तेव्हाचा नवरा), आर्किटेक्ट सेड्रिक प्राइस आणि इंजिनिअर फ्रँक न्यूबी या तिघांनी साठच्या दशकात केलेली. अॅल्युमिनियमच्या नळ्यांचे मोठमोठे त्रिकोणी सांगाडे नुसते केबलच्या ताणावर उभे, लांबून बघितलं तर वाटतं आत्ता उडेल. फोटो शोधून बघ, परीक्षेत आकृती काढायला छळेल. प्राइसबद्दल असं सांगतात की त्याच्या डोक्यात होतं, पक्षी एकदा तिथे रुळले की जाळी काढूनच टाकायची, ते जाणार नाहीत. ती जाळी काही कुणी काढली नाही. आज ती इमारत संरक्षित वारसा आहे, म्हणजे पाडताही येत नाही, आणि 2022 पासून तिथे पक्षी नाहीत, कोलोबस माकडं आहेत. लोक अजूनही मधून चालतात, फक्त वर बघून "अय्या पक्षी" ऐवजी "अय्या माकड" म्हणतात.

एक बारीक गोष्ट सांगते, ती पुस्तकात असेल नसेल. जाळीचा रंग. आपल्या बिल्डिंगींत कबुतरांसाठी जाळ्या लावतात, त्यात चकचकीत असली की बाहेरचं सगळं जाळीतून बघतोय असं सारखं जाणवतं आणि काळी असली की आठवड्याभरात ती आहे हेच विसरायला होतं. एव्हिअरीचंही तेच, गडद जाळी उजेड परत फेकत नाही म्हणून नजर तिच्यावर अडकत नाही, आरपार जाते. करोडो रुपये खर्च करून आत धबधबा करायचा आणि वर चंदेरी जाळी मारायची, असंही लोक करतात.

मावशी, मी पाचवीत आहे. दार उघडल्यावर पक्षी उडून का जात नाहीत? मी असतो तर गेलो असतो. (ठाणे)

अरे, तू गेला असतास याबद्दल मला काही शंका नाही.

तुझ्या घराला सेफ्टी डोअर आहे ना? आधी जाळीचं दार, मग आतलं लाकडी. तसंच तिथे दोन दारं असतात आणि मध्ये छोटी खोली. बाहेरचं दार उघडायचं, आपण खोलीत यायचं, ते बंद झालं की मगच आतलं उघडायचं. दोन्ही एकदम उघडी टाकायची नाहीत, तिथे उभे असलेले काका त्यावरूनच लोकांना ओरडत असतात. काही ठिकाणी दाराला साखळ्यांचा पडदा पण असतो, आपण हाताने बाजूला करून जातो पण पक्ष्याला वाटतं भिंतच आहे. खोली मुद्दाम अंधारी ठेवतात, कारण बरेचसे पक्षी उजेडातून अंधारात घुसायला बघत नाहीत.

आणि अजून एक. पक्ष्याला आत रोज वेळेवर जेवण मिळतं, घरटं आहे, त्याची बायको आहे. एखादा चुकून बाहेर गेलाच तर बऱ्याचदा जाळीच्या आसपासच घुटमळत राहतो, आत कसं जायचं ते त्याला कळत नाही. तू पण गेला असतास आणि संध्याकाळी जेवायला परत आला असतास.

मुलगी सिंगापूरला असते, डिसेंबरमध्ये चाललोय. वीस वर्षांपूर्वी जुरोंग बर्ड पार्क बघितलं होतं, परत तिथेच जावं का? नातवंडं 4 आणि 9 वर्षांची. (पुणे)

जुरोंग बंद झालं हो. 3 जानेवारी 1971 ला उघडलं आणि 3 जानेवारी 2023 ला बंद केलं, बरोब्बर 52 वर्षांनी, तारीख सुद्धा चुकवली नाही, सिंगापूरच ते. त्याचे पक्षी आता सिंगापूरच्याच मंडाई भागात नव्या बर्ड पॅराडाइजमध्ये आहेत, तिथे झू आणि नाइट सफारी शेजारीच आहे त्यामुळे तुमची एक टॅक्सी वाचेल. ते मे 2023 मध्ये सुरू झालं, 17 हेक्टर जागा, 400 च्या वर जातींचे साधारण साडेतीन हजार पक्षी, आणि तुमच्या कामाचं म्हणजे आठ मोठ्या वॉक-थ्रू एव्हिअरी, एकेक जगाच्या एकेका कोपऱ्यावर बेतलेली. आफ्रिकेचं दरीतलं जंगल वेगळं, आशियातली भातशेती वेगळी.

जुरोंगच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. तेव्हाचे अर्थमंत्री गोह केंग स्वी साठच्या दशकात वर्ल्ड बँकेच्या मीटिंगला रिओ दि जानेरोला गेले होते, तिथे त्यांनी आत चालत जायची एव्हिअरी बघितली आणि म्हणाले आपल्याकडे हवी. त्यांचा एक मुद्दा अगदी आपल्या आजीसारखा होता: वाघ-सिंहांना रोज मांस घालण्यापेक्षा पक्ष्यांना दाणे टाकणं स्वस्त! शेवटी अर्थमंत्रीच. त्यातून जुरोंगची ती धबधब्याची एव्हिअरी झाली, दोन हेक्टरची, 30 मीटरचा माणसाने बांधलेला धबधबा. तुम्ही बघितलाय म्हणजे तुम्हाला तो गार तुषाराचा झोत आठवत असेल.

नातवंडांसाठी एकच सल्ला, आठही करायला जाऊ नका. चार वर्षांचं पोर तिसऱ्या एव्हिअरीला "कडेवर घे" म्हणणार आणि तुमची कंबर सिंगापूरमध्ये जाणार. दोन निवडा, प्रत्येकीत अर्धा तास काढा. लोरी पोपटांची एव्हिअरी चुकवू नका, का ते पुढच्या उत्तरात येतंय. डिसेंबरात तिकडे पाऊस असतो, छत्री नको, रेनकोट न्या, छत्री उघडली की पक्षी बिचकतात आणि मागच्या माणसाला काही दिसत नाही.

इन्स्टावर परदेशातले व्हिडिओ बघते, पोपट येऊन हातावर, डोक्यावर बसतात, लोक वाटीतून काहीतरी पाजतात. आपल्याकडे का नाही असं? आम्ही एकदा पक्ष्यांना शेंगदाणे दिले तर गार्ड अंगावरच आला. (लातूर)

गार्डचं बरोबर होतं. तुम्हाला वाईट वाटेल, पण कायदाच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 38 जे मध्ये स्पष्ट लिहिलंय की झूमधल्या प्राण्याला छेडायचं नाही, इजा करायची नाही, खायला घालायचं नाही, आवाज करून त्रास द्यायचा नाही आणि कचरा टाकायचा नाही. आपण साधारण हे पाचही करतो, एकाच रविवारी.

व्हिडिओत असतात ते बहुतेक लोरी किंवा लोरीकीट जातीचे पोपट, ऑस्ट्रेलिया आणि त्या बाजूच्या बेटांवरचे. हे दाणे फोडून खाणारे पोपट नव्हेत, फुलातला रस आणि पराग खातात, आणि त्यासाठी त्यांच्या जिभेच्या टोकाला ब्रशसारखे बारीक तंतू असतात. हातावर बसून वाटीतलं चाटताना ती जीभ बोटाला लागली की मऊ ओला ब्रश फिरवल्यासारखं वाटतं, माणसं किंचाळतात आणि मग हसतात आणि मग परत रांगेत उभी राहतात. म्हणून लोरी फीडिंग जगभर इतकं चालतं. पण त्या वाटीत काय आणि किती हे झूवाले ठरवतात, दिवसभरातल्या त्यांच्या आहारातूनच ते वजा होतं. तुमचा खारा शेंगदाणा त्या हिशोबात कुठे बसत नाही.

मला स्वतःला, खरं सांगू का, हे वाटीचं प्रकरण तितकं आवडत नाही. पक्षी तुमच्याकडे आलेला नसतो, वाटीकडे आलेला असतो, आणि लोकही पक्ष्याकडे बघत नाहीत, फोनच्या स्क्रीनमध्ये आपल्या डोक्यावरचा पक्षी बघतात. पण 4 वर्षांच्या पोराच्या हातावर पहिल्यांदा जिवंत पोपट बसतो तेव्हाचा चेहराही मी बघितलाय, त्यामुळे फार तत्त्वाचं बोलत नाही.

आणि पक्षी जवळ यायला खाऊ हातातच पाहिजे असं नाही. चांगल्या एव्हिअरीत कीपर मंडळी खाण्याची ताटं अशी लावतात की वाटेवरून नीट दिसतील पण आपला हात पोचणार नाही. कीपर बादली घेऊन आत आला की जो गलका होतो तो बघण्यासारखा असतो, खाण्याची वेळ गेटवर विचारून घ्या आणि पाच मिनिटं आधी जाऊन उभे राहा.

तुम्ही एवढं कौतुक करताय पण शेवटी तो पिंजराच ना? मोठा पिंजरा. पक्षी बघायचे तर जंगलात जावं. (नागपूर)

हो, पिंजराच आहे.

पण कुठल्या पिंजऱ्याशी तुलना करताय ते बघा. जुन्या बागांमध्ये तळ्यात फ्लेमिंगो, पेलिकन उघड्यावर दिसायचे, लोकांना वाटायचं किती छान मोकळे आहेत. ते उडून जायचे नाहीत कारण बऱ्याच ठिकाणी त्यांचा एक पंख टोकाशी कापलेला असायचा, पिल्लू असतानाच, कायमचा. जाळी नाही पण उडणंही नाही. त्यापेक्षा वर जाळी असू दे आणि पंख शाबूत असू दे, असं मला वाटतं. मोठ्या एव्हिअरीत पेलिकनसारखा पक्षी पंख पूर्ण पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगत जातो तेव्हा डोक्यावरून छत्रीची सावली गेल्यासारखं होतं. दक्षिण आफ्रिकेत प्लेटेनबर्ग बेजवळ बर्ड्स ऑफ ईडन म्हणून आहे, तिथे तर 2.3 हेक्टर खऱ्या जंगलावरच जाळी टाकलीये, आणि तिथे आलेले बरेचसे पक्षी आधी लोकांच्या घरी छोट्या पिंजऱ्यात होते. त्यातल्या काहींना उडायची सवयच राहिलेली नव्हती.

जंगलात जावं हे शंभर टक्के मान्य. कर्नाळा आहे, नांदूरमधमेश्वर आहे, भिगवण आहे. पण कर्नाळ्याला पहिल्यांदा गेलेल्या माणसाला काय दिसतं? झाडं. आवाज येतात, पक्षी दिसत नाहीत, तासाभरात तो म्हणतो इथे काही नाहीये आणि वडापाव खाऊन घरी. बघायला शिकावं लागतं ना. कुठली फांदी हलली, वारा होता की पक्षी, मान कुठे वळवायची, बोट न दाखवता शेजाऱ्याला कसं सांगायचं. माझ्या ओळखीची दोन-तीन पोरं अशी आहेत जी एव्हिअरीत हे शिकली आणि आता पहाटे चारला उठून भिगवणला पळतात, आणि त्यांच्या आया मला फोन करून बोलतात.

तुमचा राग जिथे असायला हवा ती जागा वेगळी आहे. छोटी एव्हिअरी, मधोमध वाट, दोन्हीकडून माणसं आणि पक्ष्याला पाठ फिरवायला कोपराच नाही, अशा ठिकाणी जाऊ नका, गेलात तर तिथल्या वहीत लिहून या. चांगलीत वाट एका बाजूने जाते आणि निदान अर्धी जागा अशी असते जिथे आपल्यापैकी कुणालाच प्रवेश नाही. एव्हिअरी बघायची पहिली खूण माझी हीच असते, मी आधी शोधते की आपल्याला कुठे जाता येत नाहीये.

आत गेल्यावर अंगावर घाण करतात का? आणि बर्ड फ्लूचं काय? सासूबाई नको म्हणतायत. (अहिल्यानगर)

करतात. क्वचित. टोपी घाला. वाटेवर आडव्या फांद्या जिथे आहेत तिथे जमिनीवर पांढरे डाग दिसतील, त्या डागांवर उभं राहून फोटो काढू नका, एवढं पुरतं.

बर्ड फ्लूचं सासूबाईंचं चुकीचं नाहीये. 2021 च्या जानेवारीत आपल्या परभणीकडे कोंबड्यांमध्ये निघाला होता तेव्हा देशभर झू सावध झाले होते, आणि अशा वेळी सगळ्यात आधी बंद होते ती वॉक-थ्रू एव्हिअरीच. त्यात तुमच्याइतकीच पक्ष्यांची काळजी असते, कारण आपल्या चपलांना लागून बाहेरची घाण आत जाते, म्हणून तर काही ठिकाणी दारात ओली पायपुसणी असते, ती उडी मारून ओलांडू नका. एव्हिअरी उघडी असेल तर जा, पिसं-विष्ठा हाताळू नका, बाहेर येऊन साबणाने हात धुवा आणि मगच भेळ खा. आणि घरी पोल्ट्री असेल तर ते कपडे-चपला घालून खुराड्यात जाऊ नका, ही सूचना सासूबाईंना दाखवा, त्यांना आवडेल.

वडिलांची नजर खूप कमी झालीये, 78 वय, व्हीलचेअर लागते. आयुष्यभर शेतात काढलं, आता फ्लॅटमध्ये कंटाळतात. झूला न्यावं असं भाऊ म्हणतो पण त्यांना दिसणार काय? (कोल्हापूर)

न्या. आणि बाकी काही दाखवू नका, थेट एव्हिअरीत न्या. वाघ त्यांना दिसणार नाही, आणि वाघ बोलतही नाही. पण शेतात आयुष्य काढलेल्या माणसाला आवाज तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतात. मोराची म्याओ, करकोच्यांची चोचीवर चोच आपटून होणारी टकटक (चित्रबलाकांना ओरडता येत नाही जवळजवळ, ते चोच वाजवतात), पोपटांची भांडणं, आणि जाळीच्या बाहेरून येणारे आपले नेहमीचे कावळे, बुलबुल, तांबट. आतला कुठला आणि बाहेरचा कुठला हे ते तुम्हाला सांगतील बघा.

आधी फोन करून विचारा की व्हीलचेअर दोन्ही दारांमधल्या खोलीत मावते का आणि आतला रस्ता रॅम्पचा आहे की पायऱ्यांचा, पूल असेल तर खालून वेगळी वाट आहे का. काही ठिकाणी ती मधली खोली इतकी अरुंद असते की खुर्ची वळत नाही. सोमवार ते शुक्रवारमधला दिवस धरा, शाळांच्या सहली नसतील असा, सकाळचा. आणि सगळे नेऊन बसवतात तसं त्यांना धबधब्याजवळ बसवू नका, पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. लांबच्या टोकाला, झाडाखाली, खुर्चीला ब्रेक लावून, आणि तुम्ही जरा गप्प बसा.